हिरवं आहे म्हणून जेवलंय असं नाही

‘आमचे सर’ म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहिलं ते सांगू? पांढरा सदरा, जाड चष्मा, डोक्यावरून हात फिरवणारे, गरीब पोराला सणाला घरी जेवायला बोलावणारे, आणि लेखाच्या शेवटी वारणारे. बरोबर ना? म्हणजे तुम्ही रुमाल काढून बसलात. ठेवा तो खिशात. धुरी सर जिवंत आहेत. रिटायर होऊन वेंगुर्ल्याला गेलेत, आणि तिथे ग्रामपंचायतीची वाट लावतायत असं ऐकतो. माझ्या डोक्यावरून त्यांचा हात फिरला तो एकदाच. केसांत भाताचं कुसळ अडकलं होतं, ते त्यांना चिमट्याने काढून स्लाइडवर हवं होतं.

आता त्यांचा विषय सांगतो. क्षारांच्या ताणामुळे पिकांच्या प्रकाशसंश्लेषणावर काय परिणाम होतो. थांबा, पान उलटू नका! मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही उठून निघालो होतो. दारात धुरी सर उभे होते म्हणून राहिलो.

मी बार्शीचा. शाळा तिकडेच झाली. ऐंशी साल उलटून गेल्यावर बोरिवलीला मामाकडे राहायला आलो आणि जवळच्या कॉलेजात बॉटनी घेतली. का घेतली? फिजिक्सच्या फॉर्मच्या खिडकीवर रांग मोठी होती. पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानंतर पाच वर्षं त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. "ए बार्शी!" बस. कॉलेजच्या मॅगझिनमध्ये माझं नाव छापून आलं तर विचारतात, "हा कोण रे?"

माझी ख्याती मात्र वेगळी होती. मी नकला करायचो. प्राचार्य, कँटीनचा अण्णा, लायब्ररीतल्या बाई, सगळे माझ्या गळ्यात राहायला होते. धुरी सर तर सगळ्यात सोपे. संतापाचं वाक्य बोलण्याआधी ते दोनदा कोरडं खोकायचे, उजवा अंगठा वर करायचे, आणि वाक्य पुण्याच्या मराठीत सुरू होऊन मालवणीत संपायचं. "ख्खं ख्खं... वास्तविक पाहता, ह्या पानाचं निरीक्षण आपण नीट केलेलं नाही, मेल्या, डोळे खय ठेवलंस तुझे?" मागच्या बाकावर हे केलं की पोरं बाकाखाली जायची.

त्यांचा अंगठा सतत चमकायचा. त्याचं कारण ऐका. पानाला बारीक बारीक तोंडं असतात. त्यातून पान हवा आत घेतं आणि पाणी बाहेर सोडतं. ती तोंडं उघडी आहेत की मिटली हे बघायचं तर पानावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने अलगद सोलायचं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचं. छाप जशाचा तसा. कॉलेजात यंत्रं नव्हती. मागितली की वरून उत्तर यायचं, "अंडर कन्सिडरेशन". मग सर नेलपॉलिश वापरायचे. पहिला थर अंगठ्याच्या नखावर, घट्ट झालंय का बघायला.

आणि ते आणायला स्वतः जायचे, स्टेशनजवळच्या बांगड्यांच्या दुकानात. पन्नाशीचा, मिशीवाला, छत्री काखेत मारलेला माणूस बायकांच्या घोळक्यात उभा. एकदा मी बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, वहिनींना लाल आवडेल. हे तर लावलेलं दिसतच नाही."

"वहिनींना नाही. भाताला हवंय."

"कोणाला?"

"ख्खं ख्खं. भाताला! साळ, साळ! तोंडं मोजायची आहेत त्याची."

बायका दोन पावलं मागे सरकल्या. दुकानदाराने मुकाट्याने बाटली दिली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ह्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात तपासायला घेऊन चाललोय. मला हसू आवरेना. सर मात्र खरंच चिडले होते. रस्ताभर बडबडत होते, "ह्यांच्या नखाक दहा रंग आसत. जा भात खातत त्याच्या पानाक एक बाटली लावली तर मी येडो!"

दुसरी त्यांची खोड म्हणजे चाखणं. माती दिसली की चिमूट जिभेवर. पाणी दिसलं की बोट बुडवून जिभेवर. आधी जिभेने आकडा सांगायचे, मग मीटर लावायचे, आणि फरक पडला तर मीटरला शिव्या. जुहूच्या चौपाटीवर आमची वर्गाची सहल गेली तेव्हा अख्खा वर्ग भेळ खात होता आणि सर ओली वाळू चाखत होते. पोरं त्यांना ‘खारे दाणे’ म्हणायची. नाव मीच ठेवलं होतं. हे मी आत्ता पहिल्यांदा कबूल करतोय.

कॉलेजच्या गच्चीवर त्यांच्या कुंड्या होत्या. भाताच्या आणि घेवड्याच्या. एका रांगेला साधं पाणी, पुढच्या रांगांना चढतं मिठाचं. त्यातली एक गोम मी शिकलो ती बोलणी खाऊन. उन्हात कुंडीतलं पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. म्हणून उडालेलं पाणी भरायचं ते साधंच भरायचं. मी शहाणा. मिठाच्या रांगेला रोज मिठाचंच पाणी ओतत राहिलो. आठ दिवसांत त्या कुंड्यांचा समुद्र झाला. सरांनी माती चाखली, थुंकली, आणि म्हणाले, "बार्शी, तुझ्या आईने उरलेल्या आमटीत रोज नवीन मीठ घातलं असतं तर तू एवढा वाढला असतास काय रे?"

ह्यापेक्षा सोपं करून मला कुणीही शिकवलेलं नाही.

त्याच गच्चीवरून तो गॅदरिंगचा प्रकार झाला. तो आठवला की माझं डोकं आजही फिरतं. पाहुणे येणार, स्टेज सजवायचं, कुंड्या कमी पडल्या. कमिटीची पोरं आणि ऑफिसातले एक साहेब गच्चीवर गेले आणि त्यातल्या त्यात गडद हिरव्या, बुटक्या, गोंडस अशा वीस कुंड्या उचलून खाली आणल्या. कोणालाही न विचारता! आता गंमत अशी की मिठाच्या पाण्यावरचा घेवडा सुरुवातीला जास्तच गडद दिसतो. वाढ खुंटलेली असते, पान लहान नि जाड होतं, हिरवेपणा थोड्या जागेत दाटतो. बघणाऱ्याला वाटतं, काय तजेला आहे!

पाहुणे भाषणात म्हणाले, "ह्या रोपांसारखीच आपली मुलं टवटवीत दिसतायत."

मागून आवाज आला. ख्खं ख्खं.

धुरी सर उभे होते. अंगठा वर. "उपाशी आहेत ती! तीन आठवडे उपाशी! उपाशी पोरांना गजरे माळून स्टेजवर बसवलंत तुम्ही! हिरवं आहे म्हणून जेवलंय असं नाही!"

हॉल हसला. मी सगळ्यात आधी हसलो. दुसऱ्या दिवशी सरांना मेमो मिळाला. कुंड्या उचलणाऱ्यांना काय मिळालं? प्रशस्तिपत्रक! सजावटीचं! स्टेजवर धक्के खाऊन निम्मी रोपं मोडली होती. एका हंगामाचं काम गेलं आणि स्टाफरूममध्ये एकही माणूस बोलला नाही. सगळे चहात बिस्किट बुडवून बसले होते. सरांनी नवीन बी भिजत घातलं. मला म्हणाले, "तू हसलास तेव्हा तुझे दात दिसले रे. वरचा डावा किडलाय. दाखव कुणाला तरी."

आता मनोरीचं सांगतो. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

मार्व्याच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे गेलं की मनोरी. तिथे खाडीला लागून भाताची खाचरं होती. खाडी आणि खाचर यांच्या मध्ये मातीचा बांध, आणि बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला मिटून खाडी अडवायची. त्या दारावर अख्खं शेत उभं. हिरामावशीचं खाचर अगदी उघाडीच्या तोंडाशी होतं. हिरामावशी विधवा, साठीच्या, एकट्या कसत होत्या. सर तिथली माती चाखायला वर्षानुवर्षं जायचे, म्हणून त्या सरांना ‘माती खाणारे मास्तर’ म्हणायच्या.

त्या साली गणपतीनंतर उघाडीची झडप नाहीशी झाली. कोणी नेली? तिकडे नवे बंगले उठत होते आणि एका शेठला ती खाचरं हवी होती, एवढंच मी सांगतो. झडप नाही, म्हणजे प्रत्येक भरतीला खाडी आत. मावशींनी अर्ज केला, दुसरा केला, तिसरा केला. शेवटी शेतकी खात्याचे एक साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांनी ‘पिकाला इजा’ असं लिहिलं तर नवी झडप बसणार. ‘पीक ठीक’ लिहिलं तर विषय संपला. आणि चार दिवसांवर सर्वपित्रीची अमावस्या, तिचं मोठं उधाण. भात पोटरीत आलेलं, म्हणजे कणीस अजून पोटात, आणि पाऊस आठ दिवस गायब. त्या उधाणाचं पाणी आत आलं असतं तर मावशींच्या वर्षाच्या जेवणावर पाणी. तेही खारं.

सर म्हणाले, "साहेब हिरवा बघून परत जाईल. त्याका निळा दाखवूक होया."

निळं म्हणजे कागद. कोबाल्ट क्लोराइडमध्ये बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या. कोरड्या असल्या की निळ्या, ओल लागली की गुलाबी. पानावर पट्टी ठेवून वरून काचेने दाबायची. पानाची तोंडं उघडी असतील तर वाफ बाहेर येते, कागद गुलाबी. तोंडं मिटलेली असतील तर निळा तो निळाच. आंधळ्यालाही पटेल अशी चीज. सरांनी चाळीस पट्ट्या केल्या, पाणी शोषणाऱ्या खड्यांबरोबर बाटलीत भरल्या, झाकणाला मेण लावलं आणि बाटली माझ्याकडे दिली.

माझ्याकडे! चूक तिथेच झाली.

लाँचमध्ये बाजारातून परत चाललेल्या बायका होत्या, दोन-तीन पोरं होती. मला राहवेना. मेण खरवडलं, एक पट्टी काढली. "बघा हां ताई, निळा कागद! आता मी मंत्र म्हणणार!" आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली. गुलाबी! काय टाळ्या! "अजून एक कर रे!" केलं. एक पोरगं म्हणालं, मला द्या. दिली. पलीकडे पोचेपर्यंत बाटली उघडीच. खाली खाडी, वर दमट वारा. सर लाँचच्या टोकाला पाठ करून उभे होते, साहेबांना काय काय ऐकवायचं त्याची तालीम करत. मला वाटलं, झकास चाललंय आपलं.

मावशींच्या ओट्यावर साहेब आधीच येऊन बसले होते. सफारी, काळा चष्मा, बूट स्वच्छ. स्वच्छ म्हणजे खाचरात उतरलेच नव्हते! बांधावरून बघितलं होतं.

"मास्तर, हिरवं तर आहे की," साहेब म्हणाले. "उगाच बोंबाबोंब. मला परतीची लाँच गाठायचीय."

"ख्खं ख्खं. हिरवं आहे. वास्तविक पाहता, गोष्ट अशी आहे. मुळाशी खारं पाणी आहे. पाण्यात उभं राहून रोप तहानलेलं आहे. आहे ते पाणी जाऊ नये म्हणून त्याने पानाची तोंडं मिटून घेतली. तोंडं मिटली की हवा आत जात नाही. ऊन तर पडतंच आहे. म्हणजे चूल पेटलेली आणि वर भांडं रिकामं. मग काय होणार? भांडं जळणार. आधी रांधणं बंद, मग आतली मांडणी जळणार, मग मीठ पानात चढणार, आणि मग तुम्हाला पिवळं दिसणार. तेव्हा येऊन काय करणार तुम्ही? बारावं?"

मावशी म्हणाल्या, "मी गणपतीपासून ह्याच सांगतेय. रोप जेवत नाय. मला दिसतं."

"तुम्हाला दिसतं, मला दिसत नाही," साहेब म्हणाले. "दाखवा. दहा मिनिटं."

सरांनी बाटली उघडली. उरलेल्या सगळ्याच्या सगळ्या गुलाबी. लग्नातल्या फेट्यांसारख्या.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नारळाच्या झाडाकडे बघितलं. सर खोकलेसुद्धा नाहीत. पट्ट्या मुठीत घेतल्या, मावशींना म्हणाले, "तवो आसा?" आणि दोघं स्वयंपाकघरात गेले. कोबाल्टचा कागद तापवला की परत निळा होतो. पण सावकाश. जळला की संपला.

साहेब उठले. "झालं? चला मग. पीक ठीक." पेन काढलं.

माझं मलाच कळलं नाही. मी अंगणात मधोमध उभा राहिलो, अंगठा वर केला आणि सुरू झालो. "ख्खं ख्खं ख्खं! वास्तविक पाहता, साहेब, आपण बसलेले नाहीत, मेल्या, खय चललास?"

साहेब दचकून बसले. कुंपणाशी उभी माणसं फिसकन हसली. मग काय! मी दुकानदार केला, मी सर केले, मी मीटरला शिव्या घातल्या, मी माती चाखून थुंकलो. साहेबांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले. "कोण रे हा?" "मीठ! मीठ झाडाला मारतं, साहेब! मीठ म्हणजे विष!" असं गरजलो. कुंपणावर माणसांची दुसरी रांग झाली. धक्क्यावरून लाँच सुटल्याचा भोंगा वाजला आणि साहेबांना तो ऐकूच गेला नाही. मी अंगठा वर करून "ख्खं ख्खं..." म्हणत वळलो, तर दारात सर. हातात तवा. तव्यात निळ्या पट्ट्या. किती वेळ उभे होते देव जाणे.

हशा एकदम थांबला.

सर माझ्या बाजूने सरळ चालत गेले. साहेबांना म्हणाले, "चला. बूट काढा." आणि तो माणूस बूट काढून खाचरात उतरला! लाँच तर गेलीच होती, करणार काय? विहिरीजवळच्या वरच्या तुकड्यात गोडं पाणी होतं. तिथली चार पाती शेजारी शेजारी धरून पट्टी, वर काच, चिमटा. उघाडीजवळच्या पात्यांवर दुसरी पट्टी. दोन्ही पाती हिरवी. खरं सांगतो, उघाडीजवळची जरा जास्तच गडद. सगळं गाव बांधावर, श्वास रोखून. विहिरीजवळची पट्टी कडेने गुलाबी व्हायला लागली. मग मधोमध. पूर्ण गुलाबी झाली. उघाडीजवळची निळी ती निळी. मावशींनी साहेबांचं मनगट धरून त्यांचं बोट खाचरातल्या पाण्यात बुडवलं आणि म्हणाल्या, "आता चाखा."

साहेबांनी चाखलं. तोंड वाकडं केलं. तिथेच, चिखलात उभं राहून लिहिलं. काय लिहिलं ते सरांनी मोठ्याने वाचायला लावलं, सगळ्यांसमोर.

झडप आली का? आली. उधाणाच्या आदल्या संध्याकाळी, आणि तीही फळ्या ठोकून केलेली कामचलाऊ. मावशींचं अर्धं भात वाचलं. अर्धंच! जे अर्धं गेलं ते मिठाने नाही गेलं, तीन अर्जांवर बसून राहिलेल्या माणसांनी घालवलं. हे मी कोणासमोरही सांगेन, कोणाच्याही आवाजात.

पण ते नंतर. त्या दिवशी संध्याकाळच्या लाँचमध्ये सर माझ्याकडे पाठ करून बसले. मांडीवर रिकामी बाटली, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. मार्व्याच्या धक्क्यावर उतरलो, माणसं पांगली, आणि मग छत्री जमिनीवर आपटून सर माझ्याकडे वळले.

"चाळीस पट्ट्या! जादूचे खेळ करतोस? आजच मिळाला मुहूर्त? त्या बाईचं वर्षाचं जेवण होतं त्या बाटलीत, कळलं? तव्यात बारा जळल्या. उद्या सकाळी येऊन तू साठ करायच्या, एकेक करून, आणि एकीवरही श्वास सोडायचा नाही. नाकसुद्धा बंद."

"हो सर."

"माझी नक्कल करतोस ती मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षापासून. करायची तर कर. पण ‘मीठ झाडाला मारतं’ हे मी कधी म्हटलं रे? कधी? माझ्या तोंडी चुकीचं विज्ञान घालतोस? झाड स्वतःच तोंड मिटतं, जीव वाचवायला मिटतं, आणि त्यापायी उपाशी राहतं. ह्यात विष खय इला? पाच वर्षं माझा आवाज ऐकलास, मी काय बोलतो ता आयकलाच नाय!"

मी मान खाली घातली. हे खरं होतं.

"आता गप्प का? मघाशी अख्ख्या गावासमोर बोलत होतास. बोल!"

"सर, साहेब निघाले होते. पेन काढलं होतं त्यांनी. म्हणून..."

"ता माका म्हायत आसा," सर म्हणाले. मग छत्री काखेत मारली आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. चार पावलं गेले, थांबले, आणि पाठमोरेच ओरडले,

"आणि खोकला दोनदा असतो, मेल्या! तीनदा नाय!"